कृत्तिका, मृग आणि हिजरी तारखा: शंकर बाळकृष्ण दीक्षित

नोव्हेंबरच्या अखेरीस लवासाला मुक्काम असेल, तर मगरिबनंतर तासाभराने वरसगाव धरणाच्या पाण्याकडे जा आणि पूर्वेला बघा. पुण्याचा उजेड त्याच बाजूला, तरी कृत्तिकांचा पुंजका सापडतो. पण तो उगवतो नेमक्या पूर्वेला नाही, सुमारे 25 अंश उत्तरेला. म्हणजे हात लांब करून धरलेल्या अडीच मुठी.

या अडीच मुठींचा अर्थ लावणारा माणूस आपल्याच कोकणातला. शंकर बाळकृष्ण दीक्षित 1853 साली दापोलीजवळच्या मुरूडला जन्मले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि जन्मभर मास्तरकी केली. ठाणे, बार्शी, धुळे, शेवटी पुणे. विद्यापीठाची पदवी नव्हती. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरा सुमारे 26,000 वर्षांचा. त्यावरून दीक्षितांनी हिशोब मांडला, की ही स्थिती इसवी सनापूर्वी 3000 च्या सुमाराची. तो उल्लेख प्रत्यक्ष पाहून केलेला की जुनी आठवण, यावर विद्वान अजून भांडतात. आम्हाला त्यांची पद्धत मोलाची वाटते: ग्रंथातलं वाक्य घ्यायचं आणि आकाशाशी ताडून बघायचं.

आपल्या घरांशी त्यांचा संबंध आणखी जवळचा आहे. 1896 साली रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत भारतीय कालगणनेचा ग्रंथ काढला. त्यात हिजरी तारखा इसवीत बदलण्याची कोष्टकंही आहेत. दर्ग्याची सनद, इनामाचा कागद, जुना निकाहनामा यांवरची तारीख लावताना अशी कोष्टकंच लागतात. मात्र चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवावं. वारसाहक्काच्या भांडणात तेवढाही फरक महागात पडतो.

मराठेशाहीच्या कागदांवरचा शुहूर सन तर मजेदारच. आकडे अरबी शब्दांत, आणि वर्ष सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई शुहूर 1161 मधली. जानेवारी होता, म्हणून 1761.

‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मोठा मराठी ग्रंथही 1896 चाच. दोनच वर्षांनी, एप्रिल 1898 मध्ये, दीक्षित वारले. वय अवघं 44.