आज्ञांना क्रमांक देणारी बाई

आतली चाके कशी फिरतात हे पाहण्यासाठी सातव्या वर्षी घरातली गजराची घड्याळे एकामागून एक खोलून ठेवणाऱ्या मुलीला दुसऱ्या एखाद्या घरात धपाटे मिळाले असते. ग्रेस हॉपरच्या आईने मात्र यापुढे एकच घड्याळ खोलायचे, एवढी अट घातली. ही मुलगी १९०६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली, व्हॅसर कॉलेजात शिकवू लागली आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली डॉक्टरेट झाली. महायुद्ध आले तेव्हा वजन नियमापेक्षा कमी असूनही खास परवानगी मिळवून ती नौदलात शिरली.

१९४४ मध्ये तिची नेमणूक हार्वर्डच्या ‘मार्क वन’ या एक्कावन्न फूट लांबीच्या गणनयंत्रावर झाली. त्याच्या आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून द्याव्या लागत. तीच ती गणिते पुन्हा पुन्हा येत. म्हणून सहकारी तपासलेल्या आज्ञांचे तुकडे वहीत टिपून ठेवत आणि एकमेकांचे उतरवून घेत. उतरवताना आकडे चुकत.

हे दुखणे मी चांगले ओळखतो. बँकेत मेळ बसेना आणि फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, की कुणीतरी ५४ चे ४५ केले असावेत, असा आमचा पहिला संशय असे. माणूस हुशार असो वा नसो, नक्कल करताना त्याचा हात चुकतोच.

ग्रेसबाईंनी यावर तोडगा काढला. १९४९ मध्ये त्या एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत युनिव्हॅक संगणकाच्या कामावर गेल्या. तिथे १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झिरो’ तयार केले. तपासलेले तुकडे चुंबकीय फितीवर साठवायचे आणि प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. माणसाने फक्त क्रमांक सांगायचे. तुकडा शोधणे, त्यातले पत्ते जुळवणे आणि सारे एकत्र गुंफणे ही कामे यंत्राची. संगणक फक्त आकडेमोड करतो, आज्ञावली कशी रचेल, असे म्हणत जाणत्यांनीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

बाई थांबल्या नाहीत. क्रमांकांच्या जागी साधे इंग्रजी शब्द घेणारी ‘फ्लो-मॅटिक’ त्यांनी घडवली. १९५९ मध्ये ‘कोबॉल’ भाषेचे काम सुरू झाले, ते बऱ्याच अंशी तिच्याच पायावर. जगभरच्या कितीतरी बँकांचे हिशेब पुढे याच भाषेत चालले.

१९८६ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी गेल्या. आज एखादा मुलगा एक शब्द टाइप करतो आणि प्रकल्पातल्या डझनभर आज्ञा आपापल्या क्रमाने धावू लागतात. त्याला ती किमया वाटत नाही, आणि वाटायचे कारणही नाही. पण तो वाचलेला वेळ त्याने नवा विचार करण्यात घालवला, तर बाईंच्या खटाटोपाचे चीज झाले असे मी समजेन.