पेनिसिलीनचे जनक : अलेक्झांडर फ्लेमिंग

बडोद्याला औषधनिर्मिती नवी नाही. १९०७ साली येथे अलेंबिकची स्थापना झाली आणि पुढे याच शहरात पेनिसिलीनही तयार होऊ लागले. पण पेनिसिलीनच्या संशोधकाने त्याचा पहिला उपयोग कशासाठी केला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडनला आल्यावर त्यांनी चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकुनी केली. पुढे वारशाचे थोडे पैसे हाती आले, तेव्हा ते वैद्यकाकडे वळले. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून सैनिक मरताना त्यांनी पाहिले.

१९१८ च्या फ्लूने, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीने, जगभर कोट्यवधी बळी घेतले. हा रोग एका जिवाणूमुळे होतो, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत. १९२८ साली फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी वाढली आणि तिच्या भोवतीचे जंतू नाहीसे झाले. त्या बुरशीच्या रसाने तथाकथित फ्लूचा जिवाणू मात्र मरेना. म्हणून इतर जंतू मारून तेवढा जिवाणू वेगळा काढण्यासाठी त्यांनी तो रस वापरला. फ्लू विषाणूमुळे होतो, हे १९३३ साली सिद्ध झाले. पेनिसिलीन जिवाणूला आपली भिंत बांधू देत नाही; विषाणूला अशी भिंतच नसते.

फ्लोरी व चेन यांनी त्या रसाचे औषध बनवले. तिघांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी त्याच वर्षी दिला. ११ मार्च १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

इशारा मात्र आपण विसरलो. कोरोनाच्या साथीत अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या गेल्या. २०२० साली ब्रिटनमध्ये रुग्णालयांतील सात हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, तेव्हा कोरोनावर त्यांचा उपयोग नसल्याचे दिसले.

विषाणूच्या तापामागून जिवाणूंचा संसर्ग झाला, तर डॉक्टर प्रतिजैविक देतात; ते योग्यच आहे. पण साध्या सर्दीसाठी दुकानातून आपणच गोळी मागून आणणे ही उधळपट्टी होय. गरज नसताना उधळलेले भांडवल ऐन अडचणीत कामी येत नाही, हे आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कोणी वेगळे सांगायला नको!