संगीताला विद्यापीठाची वाट दाखविणारे पंडित भातखंडे

दिल्ली, मुंबई वा वाराणसीच्या विद्यापीठात संगीत विषय घेऊन एम.ए. करणारा विद्यार्थी रागाचा थाट, वादी-संवादी, गानसमय यांची उत्तरे लिहितो आणि स्वरलिपीवरून बंदिश वाचतो. यात आज कोणाला नवल वाटत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ही विद्या घराण्यांच्या कंठात आणि गुरूच्या मर्जीवर होती. ती ग्रंथांत व वर्गात आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते पंडित विष्णू नारायण भातखंडे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून ते १८८५ मध्ये बी.ए. झाले आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली, तेथे त्यांच्या आवडत्या विषयाला स्थान नव्हते. सतार ते वल्लभदास दामुलजी यांच्याकडे, तर ध्रुपद रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडे शिकले. पारशी रसिकांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांना अनेक गायक जवळून ऐकता आले.

कराचीत काही काळ आणि पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये एकुलती कन्या निवर्तली. संसाराचे पाश असे तुटल्यावर त्यांनी सारे लक्ष संगीताकडे वळविले आणि १९१० च्या सुमारास वकिलीही सोडली.

१९०४ मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितर यांची भेट झाली आणि व्यंकटमखींचा ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ हा ग्रंथ त्यांच्या हाती आला. बहात्तर मेळांची ती रचना अभ्यासून त्यांनी उत्तरेकडील राग बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांत मांडले. नंतरच्या प्रवासांत त्यांनी नागपूर, हैदराबाद, कोलकाता, अलाहाबाद, बनारस अशी अनेक केंद्रे पाहिली, ग्रंथालये धुंडाळली, कलावंतांशी चर्चा केली. जयपूर व रामपूरच्या परंपरांतून बंदिशी मिळविल्या. घराण्याची चीज परक्याला देणे अनेकांना रुचत नसे. तरीही शेकडो बंदिशी त्यांनी स्वरलिपीबद्ध केल्या. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी मराठीत, गुरू-शिष्य संवादाच्या रूपाने लिहिला.

ग्रंथांना शिक्षणसंस्थांची जोड हवी, हे त्यांनी ओळखले होते. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे चर्चिलेली राष्ट्रीय संगीत अकादमी त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. परंतु १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि १९२६ मध्ये राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने लखनौत मॅरिस कॉलेज स्थापन झाले. १९२८ पासून त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्या कॉलेजची धुरा सांभाळली.

भातखंडे यांच्या कार्यावर आक्षेपही घेतले गेले. सर्व राग दहा थाटांत बसत नाहीत, स्वरलिपीत गायकीचे सूक्ष्म लगाव उतरत नाहीत आणि वर्गातून कलावंत घडत नाहीत, असे टीकाकार म्हणत आले. हे आक्षेप निराधार नाहीत. रियाज आणि गुरूचा सहवास यांची जागा पाठ्यपुस्तक घेऊ शकत नाही. मात्र, ज्याच्या घरी गाणे नाही आणि ज्याला कोणत्याही घराण्याचा आश्रय नाही, अशा विद्यार्थ्याला या विद्येचे दार त्यांच्या पद्धतीमुळेच उघडले.

१९३३ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळविले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांनी संगीताला हळूहळू आपले म्हटले. दिल्ली विद्यापीठात १९६० मध्ये संगीताची स्वतंत्र विद्याशाखा सुरू झाली. मॅरिस कॉलेजला १९६६ मध्ये भातखंडे यांचे नाव मिळाले, २००० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला आणि आता ते राज्य विद्यापीठ आहे. ज्यांच्या काळी विद्यापीठात संगीताला जागा नव्हती, त्यांच्याच नावाने आज एक विद्यापीठ उभे आहे.