चुका मोजणारा शल्यविशारद

हाडात वाढणारी गाठ कर्काची आहे की जुन्या जंतुदोषाची, या प्रश्नाच्या उत्तरावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी रोग्याचा अवघा पाय अवलंबून असे. निदान चुकले तर पाय निष्कारण कापला जाई, नाहीतर विलंबाने प्राण जाई. दुखणे इतके विरळ, की एकेका शल्यविशारदाला उभ्या आयुष्यात असे रोगी मोजकेच भेटत. अनुभव यावा कोठून?

हा पेच हाती घेणारे बॉस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) त्यापूर्वीच व्यवसायबंधूंच्या रोषाला पात्र झाले होते. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रोग्याचा मागोवा घ्यावा, गुण आला नाही तर कारण नोंदवावे, एवढेच त्यांचे म्हणणे. पण एवढेही मानी मंडळींना मानवले नाही. बढत्या कर्तबगारीवर नव्हे, ज्येष्ठतेवर मिळतात म्हणून १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी भर सभेत त्यांनी वाळूत डोके खुपसलेल्या शहामृगाचे व्यंगचित्र झळकावले आणि उरलासुरला लौकिकही गमावला. हा हट्ट थोडा अनाठायी होता, हे मान्य करावे लागेल. मात्र स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील ३३७ रोग्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी आपण होऊन छापल्या.

हीच सवय १९२० मध्ये कामी आली. न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग आणि बाल्टिमोरचे जोसेफ ब्लडगुड यांना सोबत घेऊन त्यांनी अस्थिकर्काची नोंदवही उघडली. गावोगावच्या शल्यविशारदांनी क्ष-किरणचित्रे, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या आणि रोग्याची हकिकत तिकडे पाठवावी, रोगी पुढे जगला की नाही तेही कळवावे, अशी योजना होती. या गाठींच्या नावांतच एकवाक्यता नव्हती. म्हणून १९२५ साली कॉडमन यांनी पुस्तक लिहिले तेही नामावलीच्या उलगड्याचे. तिन्ही पुरावे शेजारी ठेवून निर्णय करण्याची ती रीत आजही मोडलेली नाही.

क्ष-किरणचित्रातील एका खुणेला त्यांचे नाव आहे. झपाट्याने वाढणारी गाठ हाडावरचे पातळ वेष्टन उचलते आणि उचललेल्या कडेशी नव्या हाडाचा त्रिकोण दिसू लागतो. विद्यार्थी हा ‘कॉडमन त्रिकोण’ पाठ करतात. जंतुदोषातही तो दिसू शकतो, हे मात्र विसरतात.

कॉडमन १९४० मध्ये वारले. माउंट ऑबर्न दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०१४ साली.