डार्विनच्या घरची पॉली

माकडापासून माणूस, एवढ्या दोन शब्दांत आपण चार्ल्स डार्विनला गुंडाळून टाकतो. त्याचे चरित्र वाचताना मी मात्र पुन्हा पुन्हा थांबतो तो त्याच्या कुत्र्यांपाशी. कुत्र्याला आपल्यासारखे सुखदुःख असते का, हा प्रश्न त्याने प्रयोगशाळेत नव्हे, घरच्या अंगणात सोडवायला घेतला.

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे त्याचा जन्म झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. आठव्या वर्षी आई गेली. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यापलीकडे या मुलाला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, असे वडिलांनी एकदा संतापून सुनावले होते. लोकांची कुत्री स्वतःचा मालक सोडून या पोराला लळा लावत. पण याच पोराने लहानपणी एकदा, निव्वळ आपल्या हातात बळ आहे या गुर्मीत, एका पिल्लाला मारले. सदुसष्टाव्या वर्षी आत्मचरित्र लिहायला बसला तेव्हाही ती जागा त्याला नेमकी आठवत होती. जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला हे ओझे उतरवता आले नव्हते, याचे मला नवल वाटते आणि बरेही वाटते.

'बीगल' जहाजावरचा प्रवास संपवून १८३६ साली तो घरी परतला. घरी एक कुत्रा होता, परक्याला जवळ येऊ न देणारा. पाच वर्षे आणि दोन दिवसांनी डार्विनने तबेल्यापाशी जाऊन जुन्या पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने आनंद वगैरे काही दाखवला नाही. अर्ध्या तासापूर्वीच भेटल्यासारखा निमूट मागोमाग फिरायला निघाला!

पुढे केंटमधल्या डाउन हाऊसमध्ये बॉब नावाचा दांडगा कुत्रा होता. फिरायला निघालेला मालक मधूनच रोपांच्या काचघराकडे वळला, की बॉबचे डोके खाली, कान आणि शेपूट लोंबलेले, सारे अंग खचलेले. घरात या चेहऱ्याला नावच पडले होते. माणूस आणि प्राणी यांच्या मनांत फरक आहे तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे, हे १८७१ साली मांडणाऱ्या डार्विनने पुढच्याच वर्षी भावनांच्या आविष्कारावरील ग्रंथात बॉबची ही निराशा नोंदवली. कुत्र्याला लाज वाटते, असेही त्याचे मत होते.

इथे मात्र तो थोडा घाईत होता, असे मला वाटते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले, की कुत्रा अपराधी चेहरा करतो तो मालक रागावला म्हणून. खाऊ त्याने चोरलेला असो वा नसो. म्हणजे भीती खरी, पश्चात्ताप आपण चिकटवलेला. बॉबची निराशा मात्र त्याने खोटी ठरत नाही.

डार्विनपुढचा पेच याहून अवघड होता. प्राण्यांना आपल्यासारखी वेदना असेल, तर त्यांच्यावर प्रयोग करायचे कसे? १८७५ साली सरकारी आयोगापुढे त्याने साक्ष दिली: शरीरशास्त्राला प्रयोग हवेत, पण नुसत्या कुतूहलापोटी केलेली चिरफाड घृणास्पद आहे. दोन्ही बाजूंना हे पुरते रुचणारे नव्हते. त्यालाही सोपे गेले नसावे.

पॉली ही राठ केसांची पांढरी टेरिअर, मूळची मुलगी हेन्रिएटाची. १८७१ साली हेन्रिएटा लग्न होऊन गेली आणि पॉली वडिलांची झाली. नाकावर बिस्किट ठेवून तिला झेलायला लावण्याआधी हा शास्त्रज्ञ तिला शहाण्या मुलीसारखे वागण्याचा गंभीर उपदेश करी. अभ्यासिकेत सामान बांधले जाऊ लागले, की ती ओळखून हिरमुसायची. त्याच्या परतण्यासाठी खोली आवरली जाऊ लागली, की नाचायची. एकदा तिची पिल्ले गेली, तेव्हा ती डार्विनचे हात अनावर होऊन चाटत राहिली. आईची माया तिने आपल्यावर ओतली, असा अर्थ त्याने लावला आणि तेही ग्रंथात घातले.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले. थोड्याच दिवसांत पॉलीही गेली. तिला घरामागच्या बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली.