हाबर आणि त्याचा कांचेचा गोळा

फ्रिट्झ हाबर हें नांव कृत्रिम खतामुळें व विषारी वायूमुळें जगास ठाऊक आहे. आम्ही त्याच्या चरित्राचा आरंभ एका पातळ कांचेच्या गोळ्यापासून करितों.

तेव्हांच्या प्रशियांतील ब्रेस्लौ येथें 1868 सालीं हाबरचा जन्म झाला. कांचेच्या दोन बाजूंस निरनिराळे द्रव ठेविल्यास विद्युद्दाब उत्पन्न होतो, हें मॅक्स क्रेमर यास 1906 सालीं आढळलें होतें. 1909 सालीं कार्ल्सरूह येथें हाबर व क्लेमेन्सीविच यांनीं त्या दाबाचें पद्धतशीर मोजमाप केलें. गोळ्याच्या आंत ठराविक अम्ल, बाहेर परीक्षेचा द्रव. बाहेरील अम्लता दसपट बदलली कीं 25 अंश उष्णमानावर दाब सुमारें 59 मिलिव्होल्टांनीं बदलतो. चव न घेतां आंबटपणा कळूं लागला!

त्याच वर्षीं हाबरनें हवेंतील नत्रवायूपासून अमोनिया करून दाखविला. पुढें शेतांस खत मिळालें तें यामुळेंच. परंतु 1915 च्या एप्रिलांत ईप्र येथें त्याच्याच देखरेखीखालीं शत्रूवर क्लोरीन वायू सोडण्यांत आला. थोड्याच दिवसांत त्याची पत्नी क्लारा, स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर, हिनें आत्मघात केला. हाबर पुन्हां आघाडीवर गेला. येथें आमची लेखणी अडखळते.

ज्या राष्ट्रासाठीं हें केलें, त्यानेंच 1933 सालीं यहुदी सहकाऱ्यांस काढण्याचा हुकूम दिला. जन्मानें यहुदी असलेल्या हाबरनें राजीनामा दिला. 1934 सालीं तो बाझेल येथें परदेशांत वारला. त्याच वर्षीं अमेरिकेंत आर्नल्ड बेकमननें कांचेच्या गोळ्यास विद्युद्वर्धक जोडून अम्लतामापक बनविला, तो लिंबाच्या रसासाठीं.