विश्वेश्वरय्या आणि मुसी नदी

अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील जुन्या चिंचेविषयी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा त्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. शहरात मात्र अंदाजे पंधरा हजार प्राणांस मुकली. पुढे या नदीला आवर घालण्याची योजना ज्यांनी आखली, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे विद्यार्थिजीवन मुलांनी अवश्य जाणून घ्यावे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. पित्याचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी १८८१ साली बी.ए. ची पदवी मिळविली. पुढे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकू लागले. प्रांत परका, भाषा परकी! (आपल्यापैकी कित्येकांना याचा अनुभव आहेच.) परंतु १८८३ च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला क्रमांक त्यांचाच आला, आणि त्या यशाच्या बळावर मुंबई सरकारची नोकरी चालून आली. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांनी पाण्याची कामे केली. पूर चढताच आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी खडकवासल्याच्या धरणास बसविले. त्यामुळे भिंत न वाढविता अधिक पाणी साठू लागले.

निजाम सरकारच्या बोलावण्यावरून १९०९ साली ते हैदराबादेस आले. नदीकाठी उंच भिंती बांधल्या की काम भागले, असे सामान्य माणसास वाटेल. विश्वेश्वरय्यांनी आधी नदीच्या वरच्या अंगाचा प्रदेश तपासला. पाऊस किती पडला, किती तळी फुटली, पाणी किती वेगाने शहरावर आले, याचा हिशेब मांडला. शहर वाचवावयाचे तर पाणी शहराच्या वरच थोपविले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणून मुसी व ईसी या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधण्याचे त्यांनी सुचविले. एवढ्यावर न थांबता शहराच्या सांडपाण्यासाठी भुयारी गटारांची योजनाही त्यांनी आखून दिली. मला तर हे दुसरे काम पहिल्याइतकेच थोर वाटते. पूर एखाद्या वर्षी येतो, घाणीतून रोग मात्र दरसाल येतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ते मुख्य अभियंता म्हणून म्हैसुरास गेले. बांधकाम इतरांच्या हातून झाले. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला, आणि ज्या पाण्याने घरे वाहून नेली होती तेच हैदराबादच्या नळांना येऊ लागले.